यादीत मराठी शेवटी का असेना

या महिन्याच्या टपालात साईटच्या भाषेबद्दलचे प्रश्न बरेच होते. बाकीचे विषय पुढच्या अंकासाठी राखून हे एकत्र घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाला जागा जास्त दिली आहे, कारण त्यातला त्रास मराठी साईट बनवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला येतो.

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्या ‘ब’ वर्ग सार्वजनिक ग्रंथालयाची साईट मी जँगोमध्ये (साईट बनवण्याची पायथनमधली तयार चौकट) बनवली आहे. मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषा ठेवल्यात. सेटिंगमध्ये ‘लँग्वेज कोड’ मराठीच आहे. तरीही बहुतेक सभासदांच्या फोनवर साईट इंग्रजीत उघडते. आमचे ग्रंथपाल रोज सकाळी हाताने मराठी निवडतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा इंग्रजी हजर. ब्राउझरने पाठवलेल्या भाषा जँगो नीट वाचत नाही का?
— एक ग्रंथालय-सेवक, जि. सांगली

उत्तर : नमस्कार. जँगो बरोबर वाचतोय. सभासदांच्या फोनांतून जी यादी येते ती तो इमानेइतबारे पाळतो, आणि त्या यादीत मराठी वर नसते.

ब्राउझर कुठलंही पान मागताना सर्व्हरला सोबत काही हेडर, म्हणजे मागणीबद्दलच्या माहितीच्या ओळी, पाठवतो. त्यातलं एक म्हणजे ॲक्सेप्ट-लँग्वेज. आपल्याकडच्या फोनवरून येणारं एक नमुन्याचं हेडर देवनागरीत उतरवून देते :

एन-आयएन, एन-जीबी;क्यू=०.९, एन-यूएस;क्यू=०.८, एन;क्यू=०.७, एमआर;क्यू=०.६

आधी भारतातली इंग्रजी, मग ब्रिटनची, मग अमेरिकेची, मग कुठलीही इंग्रजी, आणि सगळ्यात शेवटी मराठी. ‘क्यू’ हे त्या भाषेचं वजन. ते ० ते १ च्या दरम्यान असतं आणि दशांशचिन्हानंतर जास्तीत जास्त तीन अंक चालतात. वजन लिहिलंच नसेल तर १ धरायचं. ० लिहिलं असेल तर ती भाषा नको, असा अर्थ. सध्या हे नियम जून २०२२ च्या आरएफसी ९११० मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज) आहेत, पण हे हेडर नव्वदच्या दशकापासून चालत आलेलं आहे.

०.६ हा आकडा बघून ‘या माणसाला मराठी साठ टक्के चालते’ असं मात्र समजू नका. तो आकडा कुठल्याही माणसाने घातलेला नसतो. यादीतल्या क्रमावरून ब्राउझर स्वतःच तो लावतो. वरच्या हेडरमध्ये बघा, प्रत्येक पायरीला ०.१ कमी होत गेलंय. तेव्हा क्रम तेवढा खरा.

आता जँगो काय करतो ते बघू. लोकेल मिडलवेअर (प्रत्येक मागणी ज्यातून जाते तो भाषा ठरवणारा मधला कोड) चालू असेल तर भाषा ठरवण्याचा त्याचा क्रम असा : पत्त्यातच भाषा असेल (म्हणजे पत्ता ‘/एमआर/’ने सुरू होत असेल) तर ती. नसेल तर कुकीतली (कुकी म्हणजे साईटने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद). तीही नसेल तर ॲक्सेप्ट-लँग्वेज हेडरमधली, आणि तिथेही काही जुळलं नाही तरच सेटिंगमधला लँग्वेज कोड. तुम्ही मराठी ठेवलीत ती या शेवटच्या जागी. तुमच्या साईटवर इंग्रजी आहे आणि जवळजवळ प्रत्येक फोनच्या यादीतही इंग्रजी आहे. त्यामुळे जुळणी हेडरपाशीच होऊन जाते, शेवटच्या पायरीपर्यंत गाडी पोचतच नाही. लँग्वेज कोड मराठी केला की साईट मराठीत उघडेल, हा समज मला शिकाऊ मुलांत तर दिसतोच, पण अनुभवी डेव्हलपरांतही दिसतो. नावामुळे तसं वाटणं साहजिक आहे.

ग्रंथपालांच्या तक्रारीचं कारण वेगळं आहे. ते मराठी निवडतात तेव्हा जँगो ती निवड कुकीत ठेवतो. पण या कुकीचं आयुष्य सांगणारी ‘लँग्वेज कुकी एज’ ही सेटिंग मुळात रिकामी असते. म्हणजे ब्राउझर बंद झाला की कुकी गेली. तिथे ३,१५,३६,००० लिहा. हे एका वर्षाचे सेकंद. ग्रंथपालांचा रोजचा त्रास या एका ओळीने थांबेल. आजच करा.

सभासदांचा प्रश्न याहून खोल आहे, आणि त्यावर माझं ठाम मत आहे.

साताऱ्यात आम्ही वाचनालयं, पतसंस्था आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या साईट सांभाळतो. एन्जिनएक्स सर्व्हर भाषेचं हेडर आपण होऊन लॉगमध्ये लिहीत नाही. लॉगच्या फॉरमॅटमध्ये ते मुद्दाम घालावं लागतं. आम्ही घातलं, आणि गावागावांतून आलेल्या याद्या मी बसून वाचल्या. ज्यांच्याशी फोनवर मी फक्त मराठीत बोलते, जे अर्ज मराठीत लिहितात, पेपर मराठी वाचतात, त्यांच्या फोनची यादी ‘एन-आयएन’ने सुरू होते आणि बऱ्याचदा इंग्रजीवरच संपते. दुकानात फोन सुरू करून देणाऱ्या मुलाने पहिल्या पडद्यावर इंग्रजी निवडून पुढचं बटण दाबलेलं असतं. त्यानंतर त्या सेटिंगकडे कोणी फिरकत नाही. ही यादी त्या वाचकाची आवड म्हणून सर्व्हरपर्यंत पोचते, तेव्हा आपण एका दुकानदाराची सवय वाचत असतो.

म्हणून मी याद्यांचे तीन प्रकार करते आणि प्रत्येकाला वेगळी वागणूक देते.

यादीत कुठेही मराठी असेल, अगदी शेवटी ०.१ वजनाने असेल, तर साईट मराठीत उघडते. इंग्रजी यादीत आपोआप येते, मराठी सहसा कोणीतरी घातल्याशिवाय येत नाही. ज्याने सेटिंगमध्ये जाऊन ती जोडली त्याने काहीतरी बोललेलं आहे, आणि ते ऐकायला हवं.

यादीत फक्त इंग्रजीच इंग्रजी असेल तर मी ती यादी काहीच न बोललेली धरते. तिथे ग्रंथालयाची स्वतःची भाषा, म्हणजे मराठी.

यादीत मराठी नाही, पण हिंदी, तमिळ, जर्मन असं दुसरं काही असेल, तर त्या माणसाने आपली भाषा सांगितलेली आहे. मग जँगोचा नेहमीचा क्रम चालू द्यायचा. यादीत हिंदी इंग्रजीच्या वर असेल तर हिंदी मिळेल. तमिळ तुमच्याकडे नाही, तर त्याच्या यादीतली इंग्रजी मिळेल. तेच योग्य आहे.

नियमावलीतला क्रम आपण मोडतोय का? आरएफसी ही यादी ग्राहकाची पसंती म्हणून सर्व्हरपुढे ठेवते. कोणतं पान द्यायचं याचा निर्णय शेवटी सर्व्हरचाच असतो. शिवाय खरोखर इंग्रजी हवी असलेल्या सभासदाला डोक्यावरच्या ठळक बटणाने एका टिचकीत ती मिळते आणि वर्षभर टिकते. मराठी हवी असलेल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ही टिचकी मारायची आणि इंग्रजीवाल्यांना आयतं मिळायचं, हे मला निदान सार्वजनिक ग्रंथालयाच्या साईटवर पटत नाही. मुंबईतल्या मोठ्या इस्पितळाची किंवा पर्यटकांसाठीची साईट असती तर इंग्रजी यादीला मी इंग्रजीच दिली असती. तिथे येणारा माणूस वेगळा असतो.

हे घडवून आणायला लोकेल मिडलवेअरला हात लावायची गरज नाही. त्याच्या आधी स्वतःचं एक छोटं मिडलवेअर ठेवा. त्यात रिक्वेस्टच्या ‘मेटा’तलं हेडर वाचा, स्वल्पविरामांवर तोडा, वजन ० असलेले सोडून द्या. उरलेल्यात ‘एमआर’ किंवा ‘एमआर-’ने सुरू होणारं काही असेल, किंवा सगळंच ‘एन’ असेल, तर मेटातलं हेडर बदलून तिथे नुसतं ‘एमआर’ ठेवा. नाहीतर हात लावू नका. पुढचं सगळं जँगो नेहमीप्रमाणे करतो. पत्त्यातली भाषा आणि कुकी यांचा मान हेडरच्या आधी असल्यामुळे ज्याने इंग्रजी निवडली त्याची निवड शाबूत राहते. तोडताना अक्षरं आधी लहान करून घ्या. मोठी-लहान लिपी इथे एकच मानायची असते.

‘एमआर-आयएन’चं वेगळं काही करावं लागेल का, असं पुढे विचाराल. नाही लागत. आरएफसी ४६४७ मध्ये जुळणीच्या दोन तऱ्हा दिल्या आहेत. एकीत, ज्याला फिल्टरिंग म्हणतात, ‘एमआर’ मागितलं तर ‘एमआर-आयएन’ चालतं, पण ‘एमआर-आयएन’ मागणाऱ्याला नुसतं ‘एमआर’ चालत नाही. दुसरीत, म्हणजे लुकअपमध्ये, मागणीची शेपटी एकेक तुकडा कापत जायची आणि काही सापडतंय का बघायचं. जँगो या दुसरीच्या जवळ जातो. ‘एमआर-आयएन’ आलं की तुमच्याकडचं ‘एमआर’ देतो.

आणखी एक काम मात्र टाळू नका. भाषा पत्त्यात आणा, म्हणजे ‘/एमआर/’, ‘/एचआय/’, ‘/एन/’. एखाद्या सभासदाने दिवाळी अंकांच्या यादीची लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली की ती उघडणाऱ्याला तेच मराठी पान दिसलं पाहिजे, त्याच्या फोनची यादी काहीही असो. गूगलचा क्रॉलर (शोधासाठी पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम) तर ॲक्सेप्ट-लँग्वेज हेडर पाठवतच नाही. एकाच पत्त्यावर तीन भाषा ठेवल्या तर त्यातली एकच त्याला दिसणार, आणि बाकीची पानं शोधात येणार नाहीत.

प्रश्न : आम्ही काही मित्र कोंकणी लोकगीतं साईटवर आणतोय, देवनागरी आणि रोमी (रोमन) अशा दोन्ही लिप्यांत. जँगोच्या भाषांमध्ये कोंकणी नाही. कोड कोणता घ्यायचा आणि ब्राउझरवरून लिपी कळेल का?
— मडगाव, गोवा

उत्तर : फार चांगलं काम हाती घेतलंय. कोंकणीला दोन अक्षरी कोड नाही, तीन अक्षरी ‘केओके’ आहे. ‘जीओएम’ हा खास गोव्याच्या कोंकणीचा कोडही वापरात आहे. गूगल ट्रान्सलेट तोच वापरतं. साईटसाठी ‘केओके’ घ्या आणि हेडरमध्ये ‘जीओएम’ आलं तर ते ‘केओके’ समजण्याची ओळ आपल्या मिडलवेअरमध्ये घाला. जँगोला हे दोन कोड नात्यातले आहेत हे ठाऊक नसतं.

लिपीसाठी चार अक्षरी जोड असते. देवनागरीला ‘डीईव्हीए’, रोमीला ‘एलएटीएन’. कोंकणीसाठी देवनागरी गृहीतच धरतात, म्हणून देवनागरीला नुसतं ‘केओके’ आणि रोमीला ‘केओके-एलएटीएन’ ठेवा. जँगोमध्ये सर्बियन भाषा अगदी अशीच ठेवलेली आहे, एक नुसता कोड आणि एक लॅटिन लिपीचा. तिचे फोल्डर उघडून बघा, सगळा नमुना समोर मिळेल. तुमच्या भाषेचं नाव, तिचं स्वतःच्या लिपीतलं नाव आणि लेखनाची दिशा ही माहिती ‘लँग इन्फो’मध्ये भरावी लागेल. भाषांतराची फाइल कंपाइल करून फोल्डरमध्ये ठेवायला विसरू नका. ती नसेल तर सेटिंगमध्ये नाव असूनही जँगो त्या भाषेला नसल्यासारखं वागवतो.

ब्राउझरवरून लिपी कळेल, यावर मात्र विसंबू नका. रोमी वाचणाऱ्यांपैकी फोनच्या यादीत लिपीसकट कोंकणी घातलेला माणूस क्वचितच सापडेल. १९८७ च्या राजभाषा कायद्यात देवनागरी कोंकणी आली, पण गीतं ऐकत मोठे झालेले कितीतरी गोंयकार रोमीच वाचतात. त्यांना देवनागरी पानावर नेऊन सोडलं तर ते परत जातील. पहिल्या भेटीला दोन मोठी बटणं द्या, दोन्हींवर ‘कोंकणी’ त्या त्या लिपीत लिहा, आणि निवड कुकीत ठेवा. इथे यादी वाचण्यापेक्षा थेट विचारणं बरं.

प्रश्न : साईटचं पहिलं पान कधी सगळ्यांनाच मराठीत दिसतं, कधी सगळ्यांनाच इंग्रजीत. कोड तर बदललेला नाही.
— नाशिक

उत्तर : तुमच्या सर्व्हरपुढे कुठेतरी कॅश बसलेला आहे. त्याने पहिल्या पाहुण्याला मिळालेलं पान जपून ठेवलं आणि पुढच्या प्रत्येकाला तेच वाढलं. लोकेल मिडलवेअर उत्तराबरोबर ‘व्हेरी : ॲक्सेप्ट-लँग्वेज’ असं सांगतो, म्हणजे भाषेच्या हेडरप्रमाणे हे पान बदलतं. पण समोरचा कॅश ते मानेलच असं नाही. मानलं तरी भागत नाही. दोघांची हेडर एकसारखी, पण एकाने कुकीतून मराठी निवडलेली, तर कॅशच्या लेखी ते दोघे एकच. शिवाय हेडरच्या प्रत्येक वेगळ्या मजकुराला पानाची वेगळी प्रत साठते.

मजकूर भाषेच्या पत्त्यांवर न्या. मुळाच्या ‘/’ पत्त्याने फक्त योग्य भाषेकडे पाठवावं, ३०२ ने (म्हणजे तात्पुरतं वळवून). कायमचं वळवणारं ३०१ दिलंत तर ब्राउझर तो रस्ता कायमचा लक्षात ठेवतो आणि मग भाषा बदलायला गेलेला माणूस अडकतो. या मुळाच्या पत्त्याचं उत्तर कॅशने साठवू नये, असंही हेडरमध्ये सांगा.

प्रश्न : आमचं अँड्रॉइड ॲप जँगोच्या एपीआयला मराठी हवी म्हणून हेडर पाठवतं, तरी उत्तरं इंग्रजीत येतात. हेडर जातंय हे तपासलं आहे.
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : हेडर जातंय, पण बहुधा ‘एमआर’ आणि ‘आयएन’च्या मध्ये अंडरस्कोर आहे. जावाच्या लोकेलवर ‘टू स्ट्रिंग’ चालवलं की अंडरस्कोर येतो. ‘टू लँग्वेज टॅग’ वापरलं की जोडरेघ येते, आणि वेबवर जोडरेघच चालते. जँगो इथे कडक आहे. हेडरमधला एक तुकडा जरी नियमात बसला नाही तरी तो अख्खं हेडर बाजूला ठेवतो आणि लँग्वेज कोडवर जातो. तुमच्याकडे तो इंग्रजी असणार.

तू शिकते आहेस म्हणून याच भागातली एक गोष्ट वाचायला सांगते. एकच हेडर पुन्हा पुन्हा तोडायला लागू नये म्हणून जँगो तोडलेली उत्तरं स्मृतीत ठेवतो. कोणी मुद्दाम भलीमोठी, दर वेळी वेगळी हेडरं पाठवली तर ती स्मृती फुगते आणि सर्व्हर आडवा होतो. ही फट २००७ मध्ये सापडली होती (सीव्हीई-२००७-५७१२, हा सुरक्षेतल्या फटींच्या जागतिक यादीतला क्रमांक). मग १ फेब्रुवारी २०२३ ला त्याच जातीची दुसरी दुरुस्ती ४.१.६, ४.०.९ आणि ३.२.१७ या आवृत्त्यांत आली (सीव्हीई-२०२३-२३९६९). तेव्हापासून हेडर ५०० अक्षरांपेक्षा मोठं असेल तर त्या मर्यादेआधीच्या शेवटच्या स्वल्पविरामापर्यंतच वाचलं जातं. मधे पंधरा वर्षांहून जास्त काळ गेला. बाहेरून येणारी कुठलीही अक्षरमाळ स्वतःच्या कोडमध्ये तोडायला घेशील तेव्हा आधी तिची लांबी बघ. पहिल्या उत्तरातलं मिडलवेअर लिहिणाऱ्यांनीही हेच करावं.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे, प्रोग्रॅमिंग येत नाही. मला मराठी हवी हे ब्राउझरला कसं सांगायचं? आणि त्याने फरक पडेल का?
— वर्धा

उत्तर : क्रोममध्ये तीन ठिपक्यांवरून सेटिंग्ज उघडा आणि ‘भाषा’ या भागात जा. तिथे पसंतीच्या भाषांची यादी दिसेल. ‘भाषा जोडा’वर जाऊन मराठी निवडा आणि मग तिला यादीच्या वर न्या. वर नेणं महत्त्वाचं, कारण जोडलेली भाषा तळाला जाऊन बसते. फायरफॉक्समध्ये सेटिंग्जच्या ‘जनरल’ भागात पानं दाखवण्याच्या भाषा निवडायची सोय आहे. ब्राउझरची स्वतःची बटणं इंग्रजीत राहिली तरी चालेल, ती निवड वेगळी असते.

फरक पडेल, पण सगळीकडे नाही. ज्या साईटकडे मराठी पानंच नाहीत त्या काही करू शकत नाहीत. काही साईट हे हेडर वाचतच नाहीत, त्यांच्या डोक्यावरचं भाषेचं बटणच वापरावं लागतं. ज्या वाचतात त्या मात्र लगेच मराठीत उघडतील.

पान मराठीत आलं की एक छोटी गोष्ट निरखून बघा. साईट बनवणाऱ्याने पानाच्या मुळाशी ‘भाषा : मराठी’ अशी खूण ठेवली असेल आणि फाँटमध्ये सोय असेल, तर ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरं तुम्ही वर्गात फळ्यावर लिहीत होता तशी, मराठी वळणाची दिसतात. खूण नसेल तर तीच अक्षरं हिंदी वळणाने येतात. तसं दिसलं तर साईटच्या संपर्काच्या पत्त्यावर जरूर लिहा. तुमच्यासारख्यांनी कळवलं की आम्ही ते दुरुस्त करतो, एका ओळीचं काम असतं.

ही यादी तुम्ही उघडलेल्या प्रत्येक साईटला दिसू शकते, हेही सांगून ठेवते. पाच-सहा दुर्मीळ भाषा जोडल्या तर त्यांच्या मेळावरून माणूस ओळखणं सोपं होतं, आणि आरएफसीनेही तसा इशारा दिला आहे. तुमच्या यादीत मराठी, हिंदी आणि इंग्रजी एवढं पुरे.